सातव्या भागातलं रडणं

पद्मावतीला इंग्रजी अजिबात येत नव्हतं असं नाही. बारावी शिकलेली बाई. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या ती सावकाश वाचायची. पण जपानी मालिकेत पडद्याच्या तळाशी इंग्रजी ओळी येतात, त्या कुणासाठी थांबत नाहीत. पहिले दोन शब्द जुळवेपर्यंत ओळ जायची आणि दुसरी यायची. म्हणून सुंदरी वाचायची. इंग्रजी डोळ्यांनी वाचायची आणि तोंडानं मराठीत सांगायची, आणि पद्मावती पडद्यावरच्या माणसांचे चेहरे बघत बसायची.

दोघी कवठे महांकाळ तालुक्यातल्या एकाच गावच्या, एकाच बाकावरच्या. बारावीनंतर सुंदरी डी.एड.ला गेली आणि शिक्षिका झाली. पद्मावतीचं लग्न सांगलीच्या जवाहर मगदूम यांच्याशी झालं, मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं दुकान. पुढं सुंदरीचीही बदली सांगलीला झाली आणि मैत्री परत एका गावात आली. पद्मावतीच्या मुलाला, सम्मेदला, पाचवीपासून दहावीपर्यंत सुंदरीनंच शिकवलं, एक पैसा न घेता. सुंदरीचे यजमान वारले तेव्हा पद्मावती महिनाभर तिच्याकडं झोपायला होती. सुंदरी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली, आणि तेव्हापासून रोज दुपारी दोन वाजता ती पद्मावतीच्या दारात चप्पल काढायची.

जपानी मालिकांचा नाद पुण्याहून आलेल्या सम्मेदनं लावला. त्यानं टीव्हीत काय काय घालून दिलं आणि तो परत गेला. पद्मावतीला त्यातल्या जपानी मालिका आवडल्या त्या एका साध्या कारणानं: त्या संपतात. दहा भाग, झालं. शिवाय त्यातली माणसं कमी बोलतात, आणि भांडतात तीसुद्धा वाकून.

एकदा जैन मंदिरातल्या महिला मंडळात कुणी तरी विचारलं, "दुपारचं काय बघता गं तुम्ही दोघी?" पद्मावतीनं घरी येऊन मोबाइलवर पाच मिनिटं बोलून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. मालिका कशाबद्दल आहे, कोण चांगलं काम करतं, कुठं कंटाळा येतो. ते बायकांनी आपल्या माहेरी पाठवलं. माहेरच्यांनी पुढं पाठवलं. जयसिंगपूर, इचलकरंजी, कराड, सातारा करत करत दीड वर्षात दर रविवारी सकाळी अकराशे माणसं पद्मामावशीची शिफारस ऐकायला लागली. सगळे काही जैन नव्हते, सगळ्या बायकाही नव्हत्या.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी गोष्ट, पण शेवट सांगायचा नाही. मग नट-नट्या. मग एक सूचना, जी तिच्यासारख्या घरांतल्या लोकांसाठी होती: "मासे खाण्याचे प्रसंग नऊ. चौथ्या भागात बाजार आहे, तिथं डोळे मिटावेत, संपलं की घंटा वाजते." ही सूचना ऐकून मासे खाणारे लोकही हसायचे आणि तेवढ्यासाठी ऐकायचे. शेवटी निकाल. निकाल तीनच प्रकारचे: बघावी, बघू नये, आणि इस्त्री करता करता बघावी.

सुंदरीचं नाव ती दरवेळी घ्यायची. "मी काय, कमी शिकलेली बाई. वाचतात आमच्या सुंदरीबाई, मी नुसती बघते." सुंदरी शेजारी बसून हात हलवायची, नाव नको घेऊस म्हणून.

दिवाळीनंतर त्यांनी एक मालिका धरली. समुद्राकाठचं लहान गाव, आणि त्यात टोफूचं दुकान चालवणाऱ्या साठीच्या दोन मैत्रिणी. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर, हे पद्मावतीला आता पाठ होतं. मासे अगदी कमी, म्हणून ती सुरुवातीलाच खूश. दोघींतली मिचिको सडपातळ, गाणारी. लहानपणी तिचा आवाज गावात प्रसिद्ध होता, पण ती गावाबाहेर कधी गेली नाही. दुसरी हारुए, दुकानाचा हिशेब आणि तोंड दोन्ही सांभाळणारी. सहा भाग दोघी एकमेकींची चेष्टा करत टोफू कापत होत्या.

सातव्या भागात हारुए एका पहाटे दुकानात मिचिकोला काही तरी सांगते. पाण्याच्या टाकीत हात घालून उभी आहे, टोफूची वडी उचलते, परत सोडते, आणि बोलत राहते. सुंदरीनं सांगितलं ते असं: "ती म्हणतेय, लहानपणी शहरातून एक गाण्याचे मास्तर आले होते. त्यांनी तुझं गाणं ऐकलं आणि ते मला म्हणाले, हिचा आवाज बरा आहे, पण बाहेर चालण्यासारखा नाही. तुला वाईट वाटेल म्हणून मी इतकी वर्षं सांगितलं नाही."

हे सांगून हारुए गुडघ्यांवर बसली आणि ओल्या फरशीला कपाळ लावून रडली. मिचिकोनं टाकी ढकलून दिली. सगळा टोफू फरशीवर. ती दार उघडून निघून गेली.

"हिला एवढं काय झालं?" पद्मावती म्हणाली.

"मास्तरांचा राग आला असणार," सुंदरी म्हणाली.

पद्मावतीनं रविवारी सात भागांवर बोलताना सांगितलं, "हारुए ही मैत्रीण असावी तर अशी. कडू गोष्ट स्वतः गिळली, मैत्रिणीला कळू दिली नाही. पण सातव्या भागात दोघींचं काम फसलंय. हारुए उगाच रडते. एवढं लोटांगण घालण्यासारखं तिनं काही केलेलं नाही. आणि मिचिको टाकी कशाला उलटवते? दिग्दर्शकाला तिथं काही तरी मोठं घडवायचं होतं, पण कारण सापडलं नाही. तरी पण बघावी."

मंगळवारी सकाळी फोन आला. आवाज तरण्या बाईचा, मोकळा.

"पद्मामावशी का? मी राजेश्वरी बोलतीय, वडूजवरनं. तुमचं सगळं ऐकती मी. आमचं हे मिलिट्रीत हायती, मी पण अंबाल्याला, जबलपूरला राह्यलीय. ते आसू दे. मावशी, रागावणार न्हाई न्हवं?"

"बोल की."

"तुमी म्हणला हारुए उगाच रडती. आवं, उगाच कशी रडंल? एवढं मोठं पाप कबूल केलंय तिनं."

"कसलं पाप?" पद्मावती म्हणाली. "मास्तरांनी सांगितलेलं लपवलं, ते काय पाप?"

मग राजेश्वरी म्हणाली, "मावशी, मास्तर तसं न्हाई म्हणला. मास्तर मिचिकोला न्यायला आल्ता. असा आवाज आपण कवा ऐकला न्हाई म्हणला. तवा हारुएनं त्याला सांगितलं की तिची यायची इच्छा न्हाई. आन् मिचिकोला सांगितलं, मास्तराला तुझा आवाज पसंत पडला न्हाई. लय वंगाळ केलं की तिनं! म्हणून तर मिचिकोनं टाकी उलटली."

पद्मावतीला वाटलं, पोरीची गल्लत झाली असेल. तिनं तसं बोलूनही दाखवलं. "आमच्या सुंदरीबाई छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवत होत्या गं."

"आसंल मावशी. मी काय मास्तरीण न्हाई. पण टीव्ही लावा तुमी, मी फोनवर थांबती. एक एक ओळ थांबवा आन् अक्षरं सांगा, मी अर्थ सांगती."

पद्मावतीनं टीव्ही लावला. एका हातात फोन, एका हातात रिमोट. ओळ थांबली की ती अक्षरं जुळवून वाचायची आणि राजेश्वरी सांगायची. थांबलेली ओळ ती वाचू शकत होती, हे तिच्याही लक्षात तेव्हाच आलं. असं सहा मिनिटांच्या प्रसंगाला पाऊण तास लागला. गल्लत नव्हती. एखादा शब्द इकडंतिकडं झालेला नव्हता. गोष्टच दुसरी होती.

फोन ठेवून तिनं तोच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघितला. ओळींकडं न बघता नुसते चेहरे. हारुए मिचिकोच्या डोळ्यांकडं एकदाही बघत नव्हती. मिचिको ऐकता ऐकता पांढरी पडत गेली होती. सगळं बरोबर होतं. दोन्ही बायकांनी अप्रतिम काम केलं होतं, आणि तिनं अकराशे लोकांना सांगितलं होतं की काम फसलंय.

तिला राग आला तो आधी एवढ्याचाच. सुंदरीनं वाचताना आळस केला असेल, डुलकी लागली असेल, काही तरी जुळवून सांगितलं असेल. येऊ दे दुपारी, तिची चांगली हजेरी घेते, असं तिनं ठरवलं.

दोन वाजता सुंदरी आली. चष्मा पुसून कोचावर आपल्या जागी बसली. "आठवा ना आज?"

"सातवाच लावते परत," पद्मावती म्हणाली. "मला नीट कळला नाही."

"कळला नाही? सगळं तर सांगितलं की."

"परत सांग."

पद्मावतीनं प्रसंग सुरू केला. सुंदरी बोलायला लागली, पण या वेळी तिला आधीचं नीट आठवत नव्हतं. मास्तर आता शहरातले नव्हते, रेडिओवरचे होते. पद्मावतीनं रिमोट दाबला. फरशीवरून कपाळ उचलून रडणारी हारुए तशीच थांबली.

"सुंदरे, आज सकाळी एका बाईनं मला हे ओळ न् ओळ सांगितलंय. तू खोटं का सांगितलंस?"

सुंदरी थांबलेल्या पडद्याकडं बघत राहिली.

"वाचता आलं नाही म्हणून?"

सुंदरीनं मान हलवली, नाही म्हणून.

"मग? माझं हसं झालं चार लोकांत, ते राहू दे. पण तुला करायचं काय होतं असं सांगून? टीव्हीतली ती बाई चांगली निघाली काय आणि वाईट निघाली काय, तुझं काय जात होतं?"

"मला ते मोठ्यानं वाचता येईना गं," सुंदरी म्हणाली.

"का येईना?"

सुंदरीनं चष्मा काढला. पदरानं पुसला, पण परत घातला नाही. पद्मावतीनं तिला यजमान गेले तेव्हा रडताना बघितलं होतं, तिच्या मुलाचं लग्न मोडलं तेव्हा बघितलं होतं. हा चेहरा तिनं कधी बघितला नव्हता. म्हणजे माणसात बघितला नव्हता. पडद्यावर तो त्या क्षणी समोरच थांबलेला होता.

"पद्मे, डी.एड.चं पत्र आलं होतं," सुंदरी म्हणाली. "तुझं."

हे पत्र कुठलं, ते पद्मावतीला विचारावं लागलं नाही. बारावीच्या सुट्टीत दोघींनी मिळून अध्यापक विद्यालयाचे फॉर्म भरले होते, परीक्षाही दिली होती. पद्मावतीच्या वडिलांना मुलीनं शिकायला सांगलीला जायला नको होतं. म्हणून पद्मावतीनं आपल्या फॉर्मवर सुंदरीच्या घरचा पत्ता घातला होता. नंबर लागला की आधी आईला सांगायचं, मग आई वडिलांना वळवेल, असं ठरलं होतं. पुढं यादी लागली. सुंदरी आपल्या वडिलांबरोबर सांगलीला जाऊन यादी बघून आली आणि तिनं सांगितलं, "तुझं नाव नाही गं. परीक्षेत मार्क कमी पडले." पद्मावती त्या दिवशी विहिरीच्या काठावर बसून रडली होती आणि सुंदरी तिचे डोळे पुसत होती. पंधरा दिवसांनी सुंदरीचा नंबर लागला. ती सांगलीला निघाली त्या दिवशी पद्मावती तिची ट्रंक घेऊन एस.टी.च्या थांब्यापर्यंत गेली होती. पुढच्या मार्गशीर्षात पद्मावतीचं लग्न झालं.

"नाव होतं?" पद्मावतीनं विचारलं.

"होतं."

"आणि तुझं?"

"माझं प्रतीक्षा यादीत होतं. पहिलंच. कुणी तरी एक जण हजर झालं नसतं की मला जागा होती. आठ दिवसांत कागदपत्रं घेऊन या, असं तुझ्या पत्रात होतं. मी ते गादीखाली ठेवलं. मनात म्हटलं, उद्या देते. रोज म्हटलं. आठ दिवस झाले." सुंदरी भराभर बोलत होती, थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही असं. "तुझे वडील तसेही पाठवणार नव्हते, असं मी मनाला सांगितलं. तुमच्याकडं जमीन होती, तुझं लग्न चांगल्या घरात झालं असतंच. आमच्याकडं काय होतं? मला ती एकच वाट होती, पद्मे."

"मला विचारायचंस. मी दिली असती तुला जागा."

हे बोलून पद्मावतीलाच कळेना की हे खरं आहे का. सुंदरी म्हणाली, "नसती दिलीस. कशाला देशील? तू माझ्यापेक्षा हुशार होतीस."

हे वाक्य पद्मावतीला सगळ्यात जास्त लागलं. बेचाळीस वर्षं तिनं स्वतःला मठ्ठ म्हणवून घेतलं होतं. सम्मेद लहानपणी गणित विचारायला आला की, "सुंदरीमावशीकडं जा, मला काय येतंय," असं म्हणून तिनं त्याला वाटेला लावलं होतं. दुकानाचे कागद जवाहर तिच्यापुढं ठेवायचे तेव्हा ती न वाचता सही करायची. दर रविवारी अकराशे लोकांपुढं ती स्वतःला कमी शिकलेली म्हणायची, आणि शेजारी बसलेली सुंदरी ते ऐकायची.

"सम्मेदला फुकट शिकवलंस ते यासाठी?"

"पहिल्यांदा यासाठीच," सुंदरी म्हणाली. "नंतर नाही."

"आणि रोज दुपारी येतेस ते?"

"तसं नाही गं."

"मग कसं? मला आता कसं कळावं, कुठलं मैत्रीनं केलंस आणि कुठलं फेडायला केलंस?"

सुंदरी हळूच म्हणाली, "मी दरवर्षी क्षमावाणीला तुझी क्षमा मागत आलेय. एक वर्ष चुकवलं नाही."

पर्युषण संपलं की मंदिरात सगळे जण सगळ्यांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणतात. कळत नकळत काही झालं असेल तर माफ कर, असा त्याचा अर्थ. सुंदरी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी पद्मावतीकडं यायची आणि पद्मावती हसून म्हणायची, तू काय केलंयस माझं?

"ती तर सगळे सगळ्यांची मागतात," पद्मावती म्हणाली. "कशाबद्दल मागतेस ते मला सांगितलं होतंस? मी हसून सोडून दिलं, ते तू खरं धरलंस?"

सुंदरी उठली. चष्मा डोळ्याला लावून तिनं चप्पल घातली. दारात थांबून काही बोलणार, इतक्यात पद्मावती म्हणाली, "जा तू आता." आवाज चढवला नाही. चढवला असता तर शेजारच्या बायका आल्या असत्या आणि त्यांना काही तरी सांगावं लागलं असतं.

चार दिवस पद्मावतीनं टीव्ही लावला नाही. कुणाला काही सांगितलंही नाही, जवाहरांनाही नाही. ते विचारायचे, "सुंदरीबाई दिसल्या नाहीत?" ती म्हणायची, "बरं नाही त्यांना." दुपारी दोन वाजले की तिचे कान दाराकडं जायचे आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा. भाकरी थापताना, कपाटातल्या साड्या परत परत घड्या घालताना ती मनात एक वेगळीच बाई उभी करायची: पांढऱ्या साडीची, हातात खडू, वर्गात आल्यावर चाळीस पोरं उठून उभी राहतात अशी. मग वाटायचं, तसं झालं असतं तर जवाहर नसते, सम्मेद नसता. ते विचार आले की ती बाई पुसली जायची आणि पद्मावतीला आपण कुणाचा तरी जीव घेतल्यासारखं वाटायचं. हेही सुंदरीमुळंच, असं ती मग म्हणायची.

रविवार आला. सकाळी आठपासून मोबाइल टणटणायला लागला. आज शिफारस नाही का, मावशी बऱ्या आहेत ना. पद्मावतीनं दार लावून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली.

"गेल्या वेळी मी तुम्हाला एक चुकीचं सांगितलं. सातव्या भागात हारुए उगाच रडते असं म्हटलं होतं. ती उगाच रडत नाही. तिनं मैत्रिणीचं आयुष्य चोरलेलं असतं. मला वाचताना... वाचण्यात चूक झाली होती. वडूजच्या राजेश्वरीनं ती दाखवून दिली, तिचे आभार. त्या दोघी नट्यांची मी माफी मागते, त्यांना काही ऐकू जाणार नाही तरी. चेहरे खरं सांगत होते. मी चेहऱ्यांवर विश्वास ठेवायला पाहिजे होता. मी ओळीवर ठेवला."

तिनं सुंदरीचं नाव घेतलं नाही. बऱ्याच जणांना वाटलं, मावशी उगाच एवढं मनाला लावून घेतायत. एकीनं लिहिलं, मालिकाच तर आहे.

राजेश्वरीचा मात्र लगेच फोन आला. "मावशी, माझं नाव कशाला घेतला? सासूबाई म्हणत्यात, आता तू लय मोठी झालीस." मग आवाज बदलून म्हणाली, "सुंदरीबाईंचं नाव न्हाई घेतला ह्या वक्ताला. भांडलासा का?"

"पुढचे भाग वाचून दाखवशील?" पद्मावतीनं विचारलं.

"दावीन की. दुपारी पोरगं झोपलं की फोन करती."

राजेश्वरीनं त्यानंतर काही विचारलं नाही. उरलेले तीन भाग त्यांनी फोनवर बघितले, एक वडूजला, एक सांगलीत, दोन्हीकडं टीव्ही एकदम सुरू करून. राजेश्वरी सुंदरीसारखं नेटकं सांगायची नाही. मध्येच पोरगं उठायचं, मध्येच ती स्वतःच हारुएला शिव्या घालायची. पण पद्मावती अधूनमधून पडदा थांबवून ओळ स्वतः जुळवून बघायची. राजेश्वरीनं सांगितलेलं बरोबर असायचं. तरी ती बघायची. ही सवय तिला आता लागली होती, आणि ती सुटणार नाही हे तिला कळत होतं.

दहाव्या भागात मिचिको परत येते. हारुए आजारी असते. मिचिको तिच्या उशाशी बसून गाते आणि दोघी एकमेकींचा हात धरतात. समुद्र, सूर्य, संपलं. फोनवर राजेश्वरी हुंदके देऊन रडत होती. पद्मावतीचे डोळे कोरडे होते.

त्या रविवारी तिनं सांगितलं, "नऊ भाग जरूर बघावेत. असं काम वर्षात एकदा बघायला मिळतं. दहावा मला पटला नाही. एवढी वर्षं गिळलेली गोष्ट एका गाण्यात विरघळत नाही. दिग्दर्शकानं मिचिकोला रागावायला वेळच दिला नाही. ती आजारपण बघून आली, म्हणजे तिला यावंच लागलं. मासे खाण्याचे प्रसंग तीन. निकाल: नऊ भागांपर्यंत बघावी. दहावा ज्याची त्याची मर्जी."

तिच्या एकाही शिफारशीवर एवढी वादावादी झाली नव्हती. निम्मे लोक म्हणाले, मावशी दगड झाल्या. निम्मे म्हणाले, बरोबर आहे.

त्याच संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुंदरी आली. पावणेतीन आठवड्यांत ती उतरली होती. पद्मावतीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं. सुंदरी कोचावर आपल्या जागी बसली नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसली.

"ऐकलं मी," सुंदरी म्हणाली. "दहाव्याचं."

"हं."

"मी माफ कर म्हणायला आले नाही. तू ते ऐकून ऐकून कंटाळली असशील."

"मग कशाला आलीस?"

"तुला काही विचारायचं असेल म्हणून. मला सोडून ते कुणाला माहीत नाही. मी मेले तर विचारायचं राहून जाईल."

खरं तर एकच गोष्ट पद्मावतीला विचारायची होती. भाकरी थापताना, साड्यांच्या घड्या घालताना तीच तेवढी डोक्यात होती, आणि ती विचारण्यासाठी सुंदरीच लागणार होती, याचा तिला संताप येत होता.

"कितवं होतं माझं नाव?"

"चौथं," सुंदरी लगेच म्हणाली. "चाळीस जागा होत्या. चौथं."

पद्मावतीनं मान हलवली. पाण्याचा रिकामा तांब्या उचलला. सुंदरी आणखी थोडी बसली. मग उठली आणि म्हणाली, "उद्या येऊ का दोनला? वाचायला नाही. नुसती."

"नको," पद्मावती म्हणाली. "उद्या नको."

परवा येऊ का, असं सुंदरीनं विचारलं नाही आणि पद्मावतीनं सांगितलं नाही. सुंदरी जिना उतरून गेली. पद्मावती गॅलरीत जाऊन बघत राहिली नाही.

साडेपाचला जवाहर दुकानातून आले. हातपाय धुऊन ताटावर बसले. थंडीचे दिवस, सूर्य लवकर जातो, आणि त्यांच्या घरात सूर्य बुडाल्यावर कुणी घास घेत नाही. पद्मावतीनं भाकरी, मुगाची आमटी वाढली आणि समोर बसली. स्वतःचं ताट वाढून घेतलं नाही.

"आवं," ती म्हणाली, "माझा चौथा नंबर होता."

"कशात?" जवाहरांनी घास तोंडाशी नेता नेता विचारलं.

तिनं सांगायला सुरुवात केली. आधी फॉर्मवरचा पत्ता, मग यादी, मग विहिरीचा काठ. सांगता सांगता मागचं पुढं झालं, पुढचं मागं झालं. टोफूच्या दुकानाचंही सांगावं लागलं, त्याशिवाय पत्राचं कळलं नसतं. जवाहरांनी घास ताटात परत ठेवला. मध्ये एकदाही "अगं पण" म्हटलं नाही. खिडकीतला उजेड पिवळा झाला, मग तांबूस झाला, मग गेला. ती बोलायची थांबली तेव्हा स्वयंपाकघरात अंधार होता आणि आमटीवर पापुद्रा धरला होता.

जवाहरांनी ताटाकडं बघितलं, बाहेर बघितलं. मग ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "चाळिसात चौथा?"

"व्हय," पद्मावती म्हणाली. "चाळिसात."